चढावर गाडीचा दम का तुटतो?

वरोऱ्याजवळच्या आनंदवनाचे बाबा आमटे १९८५ साली भारत जोडो यात्रेला निघाले. कन्याकुमारीहून थेट काश्मीरकडे! तरुण मंडळी सायकलींवर होती. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना बसता येत नसे. ते गाडीतल्या बिछान्यावर पडून प्रवास करीत.

बिछाना, सामान, पाणी भरलेली गाडी जड होते. चढावर तिच्या इंजिनाचा कस लागतो. ते दमले तर काय करावे, ते आपण पाहू या.

इंजिनालाही खाणे आणि श्वास लागतो. डिझेल हे खाणे. हवा हा श्वास.

काळा धूर निघतो का? मग बहुधा हवा कमी पडते. एअर फिल्टर धुळीने भरला असेल.

धूर नाही, पण गाडी गचके खाते? डिझेल फिल्टर तुंबला असेल, नाहीतर डिझेलात पाणी असेल.

एकच चाक फार तापले? ब्रेक चिकटला असेल. चाकाला हात लावू नका.

गाडी कडेला घ्या. इंजिन थंड होऊ द्या. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका, वाफेने भाजते.

गाडीत आजारी माणूस असला, की आपण घाई करतो. पण दमलेल्या इंजिनावर जोर करून वेळ वाचत नाही. निघण्याआधी फिल्टर पाहिला, तर वाचतो.