फार्मसीत पीएचडी करायची, पण पैशांचे काय?

प्रश्न : एम.फार्म.चे शेवटचे वर्ष आहे, जीपॅट उत्तीर्ण आहे. घरची शेती कोरडवाहू. पीएचडी करताना पैसे मिळतात का?
– एक वाचक, लोहारा, जि. धाराशिव

उत्तर : मिळतात, पण जीपॅटवर विसंबू नका, तिचे विद्यावेतन एम.फार्म.पुरतेच. खरी मदार सीएसआयआर-यूजीसी नेटच्या जेआरएफवर. फार्मसीवाले त्यात जीवशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेतात. २०२३पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, घरभाडे वेगळे. ही फेलोशिप तुमच्या नावावर असते, त्यामुळे मार्गदर्शक शोधताना तुमचे पारडे जड राहते. पुण्याची एनसीएल, मुंबईची आयसीटी, मोहालीचे नायपर ही नावे आधी बघा.

राज्यातही बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी) आणि महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त) यांच्या फेलोशिप आहेत. मात्र त्यांना पीएचडीची नोंदणी आधी लागते, आणि जाहिरात कधी निघेल याचा भरवसा धरून घरखर्च आखू नये. जात वैधता प्रमाणपत्र आताच काढून ठेवा.

एखाद्या प्रकल्पातली जागा मिळाली, तर प्रकल्पाची किती वर्षे उरलीत हे न लाजता विचारा. प्रकल्प संपला की पगार थांबतो, प्रबंध मात्र अर्धाच असतो.