घाम हा दंड नव्हे



रोल कॉलला उशीर झाला की वीस पुश-अप्स. बूट चमकले नाहीत की मैदानाला दोन फेऱ्या. आपल्याकडे व्यायाम ही सवय आहे आणि शिक्षाही आहे. त्यात मला कधीच काही वावगे वाटले नव्हते, आजही फारसे वाटत नाही; रगडा खाल्ल्याशिवाय कॅडेट घडत नाही, हे आपण सगळे हसत म्हणतो. पण २०२० साली शिक्षा देणारे कुणीच जवळ नव्हते, तेव्हा मी ती स्वतःच स्वतःला देऊ लागलो. महामारीच्या काळात व्यायाम, खाणे आणि मन यांचे काय होते, याविषयी मी पुढे जे वाचले आणि जे माझ्यावर गुजरले, ते या लेखात मांडतो.

शिटी बंद झाली

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महामारी म्हटले. त्यानंतर थोड्याच दिवसांत आमचे हॉस्टेल रिकामे झाले. मी तेव्हा आठवीत होतो. बाबांची बँकेतून जयपूरला बदली झालेली, म्हणून मी ट्रंक घेऊन सी-स्कीममधल्या आमच्या भाड्याच्या घरी पोहोचलो. सांगलीहून महिनाभरासाठी आलेली आजीही तिथेच अडकली.

सी-स्कीम म्हणजे जुन्या परकोट्याबाहेरची आखीव वसाहत. रुंद रस्ते, मोठी झाडे, स्टॅच्यू सर्कलला सवाई जयसिंहांचा पुतळा आणि चालत जाण्याच्या अंतरावर सेंट्रल पार्क. तिथला उंच तिरंगा दुरून दिसतो. सुट्टीत मी रोज पहाटे तिथे धावायला जायचो. पण २२ मार्चपासून राजस्थानात आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. परकोट्यात रामगंज भागात तर संचारबंदी होती. पार्क बंद झाले. माझे मैदान म्हणजे आमच्या इमारतीची गच्ची, तीही पाण्याच्या टाक्यांनी अर्धी व्यापलेली.

शाळेत आपण वेळापत्रकाला कंटाळतो. पहाटेची शिटी, पी.टी., नाश्ता, वर्ग, खेळ, अभ्यासिका, दिवे बंद. मात्र ते वेळापत्रक तीन गोष्टी एकत्र बांधून ठेवते, हे ते तुटल्यावर कळले. घाम गाळला की भूक लागते, पोटभर जेवले की झोप लागते, झोप झाली की मन ताजे राहते. घरी सकाळी दहाला उठायचे, मोबाइलवर वर्ग, दुपारी झोप, रात्री दोनपर्यंत जागरण. दोरीचा एक पदर सुटला आणि बाकीचे दोन आपोआप सैल झाले.

शरीर किती लवकर विसरते

१९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे एक प्रयोग झाला. वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवले. शरीराची प्राणवायू वापरण्याची जी कमाल क्षमता असते, म्हणजे ज्याला आपण बोलताना ‘दम’ म्हणतो, ती एक चतुर्थांशाहून अधिक घसरली. मग सुमारे आठ आठवडे नेमाने व्यायाम दिल्यावर ती परत आली, काहींची तर आधीपेक्षा वाढली. तीस वर्षांनी त्याच पाचजणांना पुन्हा तपासले, तेव्हा दिसले की तीस वर्षांच्या वयाने त्यांचा दम जितका घटला नव्हता, तितका तीन आठवड्यांच्या अंथरुणाने घटला होता.

या प्रयोगातून दोन धडे मिळतात. दम लवकर जातो, हे खरे. पण तो परत येतो, हेही तितकेच खरे. टाळेबंदीत मला पहिला धडा पाठ होता, दुसरा कुणी सांगितला नव्हता. त्यामुळे गेलेला दम म्हणजे माझा कायमचा पराभव, असे मी धरून बसलो.

भूक पोटाची की मनाची?

एप्रिलभर मी खाल्ले. आईची पुरणपोळी, आजीची धपाटी, शेजारच्या काकूंकडून आलेली प्याज कचोरी. भूक होती म्हणून नाही. दुपार संपत नव्हती म्हणून. कंटाळा, भीती आणि एकटेपणा यांनाही पोटातच जागा सापडते. त्या काळात जगभर अनेकांचे असे झाले. काहींचे खाणे वाढले, काहींचे सुटले, तर काहींनी खाण्यावर इतका कडक पहारा बसवला की तोच आजार झाला. पुढे अनेक देशांत किशोरवयीन मुलामुलींमध्ये, विशेषतः मुलींमध्ये, खाण्याशी निगडित मानसिक आजारांचे रुग्ण वाढलेले दिसले.

मी तिसऱ्या वाटेला लागलो. मे महिन्यात वजनकाट्याचा आकडा पाहून मी घाबरलो. डोळ्यांसमोर एन.डी.ए.ची वैद्यकीय तपासणी आली. ती अजून चार वर्षे लांब होती, हे लक्षातच घेतले नाही. आधी भात सोडला, मग रात्रीचे जेवण. एक पोळी जास्त झाली की तिचा ‘दंड’ म्हणून शंभर उठाबशा. जयपूरचा मे म्हणजे भट्टी, म्हणून पहाटे गच्चीवर फेऱ्या मारायचो आणि रात्री सगळे झोपल्यावर पुन्हा. २५ मेला शहरावर टोळधाड आली. लोक गच्चीवर चढून थाळ्या वाजवत होते, आकाश किड्यांनी भरले होते आणि मी टाकीआड पुश-अप्सचा आकडा चुकू नये म्हणून कान झाकून मोजत होतो. आज ते आठवले की हसू येत नाही.

आई-बाबांना वाटले, पोरगा शिस्तीचा आहे. लोक कौतुक करत होते. या आजाराचा हाच धोका आहे, मित्रांनो. तो शिस्तीचा गणवेश घालून येतो. आपल्यासारख्या मुलांमध्ये तर तो ओळखणे आणखी कठीण.

मिनेसोटाचे छत्तीस जण

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने छत्तीस तरुणांवर प्रयोग केला. युद्धाने उपाशी राहिलेल्या लोकांना पुन्हा कसे खाऊ घालावे, हे त्यांना शोधायचे होते. हे सर्व स्वयंसेवक धडधाकट होते. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवले आणि चालायलाही लावले. त्यांची शक्ती गेली, थंडी वाजू लागली, नाडी मंदावली. पण त्याहून मोठा बदल मनात झाला. ते चिडचिडे आणि उदास झाले, एकमेकांपासून तुटले. दिवसरात्र अन्नाचाच विचार. काहीजण तर पाककृतींची पुस्तके वाचत बसत. प्रयोग संपल्यावरही काहींना किती खाल्ले म्हणजे पुरे, हे कळेनासे झाले होते.

हे वाचताना मी दचकलो, कारण तो मीच होतो. वर्ग चालू असताना मी चोरून स्वयंपाकाचे व्हिडिओ पाहत असे. मला वाटायचे माझी इच्छाशक्ती कमी पडते. खरे तर उपाशी मेंदू आपले काम चोख करत होता.

नाडी ४६

ऑगस्टमधल्या एका पहाटे मी गच्चीच्या जिन्यात कोसळलो. हनुवटीला तीन टाके पडले. डॉक्टरांनी नाडी पाहिली, मिनिटाला ४६. मी अभिमानाने म्हणालो, “सर, खेळाडूंची नाडी कमीच असते.” ते शांतपणे म्हणाले, “तुझी दमामुळे कमी नाही. शरीर बचत करतंय. शेवटचं पोटभर कधी जेवलास?” मला उत्तर आठवेना. आईने तोंडावर पदर घेतला.

मग त्यांनी माझी उंची मोजली. पाच महिन्यांत ती जवळजवळ चार सेंटिमीटर वाढली होती. चौदाव्या-पंधराव्या वर्षी हाडे, स्नायू, उंची सगळेच वाढते आणि त्यासाठी वजन वाढावेच लागते. ज्या वाढीला मी चरबी समजून शिक्षा करत होतो, त्यातला बराच भाग माझी उंचीच होती.

चार आठवडे धावणे बंद. ठरलेल्या वेळी तीन जेवणे आणि मध्ये दोनदा खाणे. घरचा काटा माळ्यावर. आठवड्यातून एकदा फोनवर समुपदेशक मॅडमशी बोलणे. सुरुवातीला पानावर बसले की मला रडू यायचे. आजी रोज माझ्या शेजारी ताट घेऊन बसायची, खा म्हणून आग्रह करायची नाही, गावातल्या गोष्टी सांगायची. फक्त एकदा म्हणाली, “अरे, बैलालासुद्धा आधी वैरण घालतात, मग औताला जुंपतात. तू तर माझा नातू.”

सुधारायला चार आठवडे नाही, जवळजवळ वर्ष लागले. हॉस्टेल पुन्हा उघडले तेव्हा बीप टेस्टमध्ये मी तळाला होतो. पी.टी.च्या सरांनी कुणालाच रागावले नाही. पहिले पंधरा दिवस चालणे आणि थोडे धावणे, मग हळूहळू वाढ. डॅलसचा दुसरा धडा मला तिथे मैदानावर पटला.

स्वतःला कसे तपासावे?

मनाचीही तपासणी असते. जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची एक सोपी प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांत मी आनंदी होतो का, शांत होतो का, उत्साही होतो का, सकाळी ताजातवाना उठलो का, दिवस मला रस वाटावा अशा गोष्टींनी भरला होता का? प्रत्येकाला ० ते ५ गुण. बेरीज १३ च्या खाली असेल तर कुणाशी तरी बोलावे. खाण्याविषयीच्या वृत्तीसाठी सव्वीस विधानांची दुसरी चाचणी आहे. तिच्यात २० किंवा अधिक गुण आले तर तज्ज्ञांना भेटावे. या चाचण्यांनी आजार ठरत नाही. डॉक्टरांचे दार ठोठवायचे की नाही, एवढेच कळते.

आणि कॅडेट म्हणून एवढे लक्षात ठेवा:

१. सुट्टी असो वा साथ, उठण्याची, जेवण्याची आणि झोपण्याची वेळ सोडू नका. बाकीचे त्यावर उभे राहते.

२. आपल्या वयाला रोज सरासरी साठ मिनिटे हालचाल पुरेशी आहे. गच्ची असेल तर सूर्यनमस्कार, दोरीच्या उड्या, जिना. आजारी असताना किंवा उपाशीपोटी जोर काढू नका.

३. खाल्ल्याची फेड म्हणून व्यायाम करू नका आणि व्यायामाचे बक्षीस म्हणूनही खाऊ नका. जेवण हा आपला शिधा आहे. शिधा शिपायाला कमवावा लागत नाही.

४. मेसमध्ये कुणाला ‘ढोल्या’ किंवा ‘काडी’ म्हणू नका. आपण विसरतो, ऐकणारा विसरत नाही.

५. एखादा मित्र रोज पोळी रुमालात लपवत असेल, जेवून लगेच गायब होत असेल, दिवे बंद झाल्यावर लपून व्यायाम करत असेल, तर हाउस मास्तर सरांना सांगा. ही चुगली नव्हे. जखमी साथीदाराला मागे न टाकणे म्हणजे हेच.

६. सरांशी किंवा घरी बोलणे जड जात असेल तर १४४१६ हा सरकारच्या ‘टेली-मानस’चा क्रमांक आहे. तो २०२२ पासून दिवसरात्र सुरू आहे.

आता मी बारावीत आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत जयपूरला गेलो तेव्हा पहाटे सेंट्रल पार्कला धावायला निघालो होतो. आजीने हाक मारली, हातावर दोन खारका ठेवल्या आणि त्या खाऊन होईपर्यंत दारात उभी राहिली. मग मी धावायला गेलो. किती फेऱ्या झाल्या, ते मोजले नाही.

जय हिंद!

— एक कॅडेट, इयत्ता बारावी