विजेरीतील घट

धाराशिव जिल्ह्यात रब्बीच्या दिवसांत पिकाला पाणी देण्याची पाळी पुष्कळदा रात्री येते. कारण शेतीच्या पंपाला वीज मिळते ती अनेकदा रात्रीच. बांधावरून जाणाऱ्या शेतकऱ्याच्या एका हाती काठी व दुसऱ्या हाती विजेरी असते. ऐन वेळी ती मंदावली, तर पायाशी पाण्याची नळी आहे की साप, हे कळावे कसे? विजेरीत घालावयाच्या घटाला आपण ‘सेल’ म्हणतो. सेल संपला, म्हणजे त्यातील नेमके काय संपले?

साध्या सेलचे वेष्टण काढले असता आत जस्ताचे भांडे दिसते. हा त्याचा ऋण ध्रुव. मधोमध कार्बनची काळी कांडी असते व तिच्या माथ्यावर धातूची टोपी. हा धन ध्रुव. कांडीभोवती दाबून भरलेला काळा भुगा म्हणजे मँगॅनीज डायॉक्साइड आणि कार्बनची पूड. हे खनिज आपल्याच राज्यात, भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथील खाणीत निघते. भुगा आणि जस्त यांच्यामध्ये नवसागराच्या किंवा झिंक क्लोराइडच्या द्रावणाने भिजलेला थर असतो. कल्हईवाला तापल्या भांड्यावर टाकतो व ज्याचा पांढरा धूर उठतो, तोच हा नवसागर! म्हणून ‘कोरडा घट’ हे नाव थोडे फसवेच. १८६६ साली जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच संशोधकाने असा घट केला, तेव्हा त्यातील द्रावण काचेच्या बरणीत हिंदकळत असे. तशी बरणी घेऊन रात्री बांधावर कोण जाणार?

नव्या सेलचा दाब सुमारे दीड व्होल्ट असतो. वीज देता देता जस्त झिजते, भुग्यातील रसायन खर्ची पडते आणि प्रवाहाला आतूनच अडथळा वाढतो. विजेरीच्या दिव्याला बराच प्रवाह लागतो. तो मिळेनासा झाला की आपण सेल फेकून देतो. परंतु भिंतीवरच्या घड्याळाला अगदी थोडा प्रवाह पुरतो. माप जुळत असेल, तर विजेरीने टाकलेला सेल घड्याळात कित्येक आठवडे चालतो. मंदावलेले सेल उन्हात ठेवण्याची रीत आमच्या पिढीत घरोघरी होती. उबेने आतील क्रिया जलद होते, म्हणून दिवा घटकाभर उजळतो. झिजलेले जस्त मात्र परत येत नाही.

कार्बनची कांडी शाळेच्या प्रयोगशाळेत फार कामाची. अशा दोन कांड्या धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उभ्या करून दोन-तीन नव्या सेलांना जोडल्या, तर दोहोंवर बुडबुडे येऊ लागतात. ऋण ध्रुवाला जोडलेल्या कांडीवरील वायू हायड्रोजन होय. सेल उघडण्याचे काम मात्र शिक्षकांनीच, हातमोजे घालून करावे, आणि तेही केवळ साध्या जस्त-कार्बन सेलचे. अल्कलाइन सेलमधील दाहक द्रव कातडी भाजतो. मोबाइलमधील लिथियमची बॅटरी फोडली तर पेट घेते. साधा सेल पुन्हा भारित करू पाहणे किंवा चुलीत टाकणेही तितकेच घातक.

झिजून भोक पडलेल्या जस्तातून द्रावण पाझरते व विजेरीची स्प्रिंग गंजते. यास्तव विजेरी बरेच दिवस वापरावयाची नसेल, तेव्हा सेल काढून ठेवावेत. निकामी सेल उकिरड्यावर टाकले, तर तेथील खत पुढे शेतातच जाते. वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी २०२२ सालच्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. त्या योग्य ठिकाणी पोहोचेपर्यंत शाळेत झाकणाचा एक कोरडा डबा ठेवता येईल.