आरोग्यपाठ : फुंकून करायची तपासणी



सातपुड्याच्या पाड्यांवर आरोग्य शिबिर भरले की "दम लागतो" ही तक्रार हमखास येते. तक्रार करणाऱ्यांत आयुष्यात कधी विडीला हात न लावलेल्या स्त्रियाही असतात. त्यांची छाती बहुधा चुलीने बिघडवलेली असते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हेच मांडले, की विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनाही सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार होतो, आणि लाकूड व गोवऱ्यांचा धूर हे त्याचे एक मोठे कारण आहे.

अशा रुग्णाला डॉक्टर चिठ्ठी देतात : स्पायरोमेट्री करून या. इथे घोडे अडते. सुई माहीत असते, एक्स-रे माहीत असतो, हे नवीन. कोणाला वाटते यंत्र आपला श्वास ओढून घेईल. कोणाला फुंक म्हटली की भगताचीच आठवते! खरे तर या तपासणीत सुई नाही, वेदना नाही. पण एक गोष्ट वेगळी आहे. रक्त काढताना रुग्णाने नुसते बसायचे असते. इथे त्याने जोर लावला नाही तर निकालच चुकतो. म्हणून काय करायचे ते त्याला घरीच, त्याच्या बोलीत समजले पाहिजे.

नाकाला चिमटा लावतात. छाती पूर्ण भरून श्वास घ्यायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि हवा एका झटक्यात, जीव एकवटून सोडायची. मग थांबायचे नाही. छाती रिकामी होईपर्यंत, साधारण सहा सेकंद किंवा जास्त, सोडतच राहायचे. आपल्या बायकांना फुंकणीची सवय असते, पण फुंकणीत हवा हळूहळू, गाल फुगवून सोडतात. इथे तसे चालत नाही. तंत्रज्ञ "जोरात, अजून, अजून" असे ओरडतो तेव्हा पुष्कळांना तो रागावला असे वाटते. तो रागावलेला नसतो, ती त्याची रीत आहे, हे आधीच सांगून ठेवावे.

हे निदान तीनदा नीट जमावे लागते. कधी आठ वेळाही फुंकावे लागते. चक्कर आल्यासारखे वाटले तर तसे सांगून थोडे बसावे. त्यानंतर बहुधा औषधाचा पंप देऊन दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. दुपारची एसटी गाठायची म्हणून लोक नेमके याच वेळी उठून जातात, आणि अर्धी तपासणी वाया जाते. औषधाने फरक किती पडतो, यावरूनच दमा की सीओपीडी याचा अंदाज येतो. दम्यात नळ्या बऱ्याचदा चांगल्या उघडतात. औषधानंतरही पहिल्या सेकंदातली हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून कमी राहिली, तर डॉक्टर सीओपीडीचा विचार करतात. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून छाती ठीक, असे समजू नये. नळ्यांचा अरुंदपणा त्यात पुष्कळदा दिसत नाही.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, यांपैकी काही असेल तर आधी बेडका तपासून घ्यावा. क्षयरोग असताना जोराने फुंकले तर जंतू खोलीभर पसरतात. थुंकीतून रक्त, नुकताच आलेला हृदयविकाराचा झटका, डोळ्याचे किंवा पोटाचे ताजे ऑपरेशन हेही न विचारता सांगावे.

जाण्यापूर्वी पोटभर जेवू नये, निदान तासभर आधी विडी-तंबाखू ओढू नये, कमरेचा कपडा सैल ठेवावा. पंप चालू असेल तर तो कधी थांबवायचा हे डॉक्टरांनाच विचारावे. आपल्या मनाने बंद करू नये.

आणि वय. यंत्र उंची, वय व स्त्री की पुरुष यावरून किती हवा यायला हवी ते ठरवते. आपल्याकडे अनेकांच्या आधार कार्डावर १ जानेवारी ही अंदाजे जन्मतारीख असते. वर्षही अंदाजेच असेल, तर हिशेबही अंदाजे होतो. मोठे मूल किती वर्षांचे, लग्न कधी झाले, यावरून खरे वय काढून तंत्रज्ञाला सांगता येते. उंची चपला काढून मोजावी.

ही तपासणी बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणीच होते. म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते आणि दोघांचे भाडे लागते, कारण बोली जाणणारे माणूस सोबत हवेच. मंडळ्यांकडून येणारी मदत अशा वेळी औषधाइतकीच उपयोगी पडते. सोबत जाणाऱ्याने छापील अहवाल मागून घ्यावा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत, जुन्या कागदांबरोबर ठेवायला सांगावे. पुढच्या वेळी डॉक्टर तो आकडा नव्या आकड्याशी ताडून बघतील.