ठरले ते लिहून ठेवावे

मंडळी, आज आम्ही तुम्हांला तलवारीच्या एका खेळाची हकिकत सांगतो. या तलवारीला धार नसते. टोकही बोथट असते. खेळाडू तोंडावर जाळी घालतो. ठरलेल्या जागी वार लागला, की तो मोजतात.

पण जागा कोणती, हे ठरवायचे कोणी? तिथेच वाद झाला.

१९१२ साली स्वीडन देशात स्टॉकहोम शहरी ऑलिंपिकचे सामने भरले. फॉइल नावाच्या हलक्या तलवारीच्या खेळात दंडावरचा वारही मोजा, असे फ्रान्सने मागितले. एपे नावाच्या तलवारीचे पाते लांब असू द्या, असे इटलीने मागितले. दोघांचेही मागणे मान्य झाले नाही. फ्रान्सचे गडी आलेच नाहीत. इटलीचे गडी एपेत उतरले नाहीत. फॉइलमध्ये इटलीचा नेदो नादी पहिला आला. वय अवघे १८. पण फ्रान्सचे गडी समोर नव्हतेच! मग सगळ्यांत सरस कोण, हे कळावे कसे?

पुढे २९ नोव्हेंबर १९१३ रोजी पॅरिस शहरात नऊ देशांनी मिळून तलवारबाजीचा एक संघ काढला. १९१४ साली सर्वांसाठी एकच नियम ठरवले आणि कागदावर उतरवले. मग महायुद्ध आले, सामने थांबले. १९२० साली बेल्जियम देशात अँटवर्प शहरी दोन्ही देश खेळले. या वेळी फ्रान्सचे गडी समोर होते. तरी नादीने पाच सुवर्णपदके जिंकली.

तोंडी बोलणे ज्याला जसे सोयीचे, तसे आठवते. लिहिलेले बदलत नाही. बांधाचे, पाण्याच्या पाळीचे ठरले, की लिहून घ्या. आता तुम्हांला वाचता येते. आधी वाचा, मग सही करा.