कॉम्प्युटरवरची फाइल सापडेल अशी ठेवूया



मागे एकदा आमच्या गटाची कर्जाची फाइल बँकेत द्यायची होती. ठरावाचा स्कॅन संघाच्या कॉम्प्युटरवर होता, पण नाव काय, तर 'स्कॅन ००१७'. तसलेच चाळीसेक स्कॅन. एकेक उघडून बघेपर्यंत बँकेची वेळ टळली. कर्ज आठवडाभर लांबलं आणि ठरलेल्या शेळ्या दुसऱ्यानेच नेल्या. त्यानंतर मी हे शिकून घेतलं.

कीबोर्डवर चार चौकोनांचं चिन्ह असलेलं विंडोजचं बटण असतं. ते धरून ई दाबा. फाइल एक्सप्लोरर उघडेल, हे आपलं कपाट. फाइलवर एकदाच क्लिक करून एफ२ दाबा, नवं नाव लिहा, एंटर करा. झालं.

नाव असं द्या : २०२५-०३-१० ठराव कर्ज. वर्ष आधी, मग महिना, मग तारीख. म्हणजे नावाप्रमाणे लावल्या की फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. मार्च नुसता ३ नको, ०३ लिहा. मध्ये तिरकी रेघ चालत नाही, आडवीच द्यायची. मराठी टायपिंग जमत नसेल तर इंग्रजी अक्षरांत लिहा, पण स्पेलिंग सगळ्याजणींचं एकच हवं. वर उजवीकडच्या शोधायच्या चौकटीत तोच शब्द टाकला की फाइल समोर येते.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो पेनड्राइव्हचा. कंट्रोल धरून सी म्हणजे नक्कल, एक्स म्हणजे उचलणं, व्ही म्हणजे ठेवणं. बँकेला द्यायची फाइल नेहमी सी करूनच द्या. एक्स केलं तर मूळ फाइल पेनड्राइव्हवर जाते, आपल्याकडे काहीच उरत नाही. चुकून झालंच तर लगेच कंट्रोल झेड दाबा, शेवटचं काम उलटतं.

कॉम्प्युटरवरून डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जाते. तिथे तिच्यावर उजवं क्लिक करून रिस्टोर म्हटलं की परत जागेवर. पेनड्राइव्हवरून डिलीट केलेली मात्र बिनमध्ये जातच नाही. शिफ्ट धरून डिलीट तर कुणी करूच नका बाई!

पुढच्या बैठकीला थोडं लवकर या. आपापल्या गटाच्या निदान पाच फाइलींना नावं देऊन टाकू. चष्मा लागत असेल त्यांनी आठवणीने आणा.