बागेतील मुक्कामासाठी राहुटीची निवड

नागपुरातील जरीपटका भागात राहून काटोल-नरखेडकडे संत्र्याची बाग करणाऱ्या कुटुंबांना मृग बहाराची फळे उतरविताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये, कधी कधी मुलाबाळांसह बागेतच मुक्काम करावा लागतो. विदर्भात हेच दिवस अवकाळी पावसाचे व गारपिटीचे. म्हणून राहुटी पारखून घ्यावी.

जागा : ‘चार माणसांची’ म्हणून विकली जाणारी राहुटी बहुधा चौघे खेटून निजतील एवढीच असते. दर माणशी २ मीटर लांब व पाऊण मीटर रुंद, म्हणजे दीड चौरस मीटर जागा धरावी. चौघांस ६ चौरस मीटर झाले. शिधा व सामानासाठी आणखी ३ मिळवावेत. अर्थात ३ मीटर लांब व तितकीच रुंद राहुटी पुरेशी होते.

पाऊस : खरेदीपूर्वी शिवणीवर पाणी ओतून आतून हात फिरवून पाहावा. खाली अंथरलेल्या ताडपत्रीच्या कडा आतल्या बाजूस वर वळवाव्यात. त्या बाहेर राहिल्यास पावसाचे पाणी अंथरुणाखाली शिरते.

उभारणी : काळी जमीन भिजली की खुंट्या ढिल्या होतात, म्हणून उंचवट्यावरील मुरमाड जागा निवडून लांब खुंट्या तिरप्या ठोकाव्यात. सुती दोर भिजल्यावर आखडतात व खुंट्या उपटतात. सबब पाऊस येण्यापूर्वी ते किंचित सैल करावेत.

पेटती शेगडी आत कधीही ठेवू नये. तिच्या विषारी वायूने निजलेली माणसे दगावतात. विजा चमकू लागताच राहुटीचा भरवसा न धरता पक्क्या इमारतीत जावे. फळे पुढल्या बहारात पुन्हा येतील. जीव आधी सांभाळावा.